बारकीचा डाव

१

गुरुवारी माझं दुकान बंद असतं. चष्म्याचं दुकान. सहा दिवस मी लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून विचारत असते, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" आणि सातव्या दिवशी बाबांकडे जाते. त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरते, चादरी बदलते, नखं कापते, दुपारी जेवायला वाढते आणि पाचला निघते. दादा-वहिनी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, रोजचं सगळं तेच बघतात. पण नखं मी कापायची, हा माझा हट्ट. दादाला मी त्या नखांना हात लावू देत नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याला आयतं मिळालंय त्याने मला शहाणपणा शिकवू नये. आमच्या घरात दादाच्या वाटणीला बाबा आले आणि माझ्या वाटणीला आजारपण. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर त्या काळोख्या बोळात लोंबकळून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि दादाला घेऊन टीव्हीपुढे बसायचे. व्हिडिओ गेम. त्या काळी आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाकडे नव्हता. एका इमारतीतल्या कुणीतरी नको झाला म्हणून बाबांना देऊन टाकला होता. एकच रिमोट आणि एकच कॅसेट. तिच्यात एक छत्रीवाला या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारत जायचा. आजही चार माणसं जमली की दादा सुरू होतो, "मी आणि बाबा बाराव्या गच्चीपर्यंत गेलो होतो." बाबा हसतात. माझ्याकडे सांगायला असलं काही नाही. मी उठते आणि भांडी आवरायला लागते.

सहा महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. डावा हात लुळा पडला, मग हळूहळू बराच सुधारला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, बोटं हलती ठेवा. म्हणून दादाने माळ्यावरून तो गेम काढला, कुठून कुठून वायरी आणून नव्या टीव्हीला जोडला आणि आश्चर्य म्हणजे तो चालला. मला अर्थातच कुणी कळवलं नाही.

त्या गुरुवारी मी आत शिरले तेव्हा बाबा सोफ्यावर बसून खेळत होते. त्यांच्या डाव्या हाताला एक उशी ठेवलेली होती. झोपायची नव्हे, चौकोनी, जमिनीवर बसायला घेतात तसली, विटकरी रंगाची. पडद्यावर छत्रीवाला दोन गच्च्यांच्या मधे पडला. बाबांनी रिमोट अलगद त्या उशीवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले.

"थकलात का?" मी विचारलं.

"नाही गं. बारकीचा डाव आहे."

बारकी म्हणजे मी. लग्न होऊन वीस वर्षं झाली, केस पिकले, तरी या घरात मी बारकीच आहे.

"मी इथे आहे, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारात कुणी पत्ता विचारायला आलं की बघतात तसं, अगदी सौजन्याने. मग मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

२

मी तडक वर गेले. दादा गॅलरीत पेपर वाचत बसला होता.

"बाबांचं डोकं चालतंय ना नीट?"

"का? काय झालं?"

मी सांगितलं. दादा आधी हसला, मग पेपरची घडी घालायला लागला. घडी काही केल्या जमेना.

"तुला माहीत नाही का ते?" तो म्हणाला. "अगं, तू हॉस्पिटलमध्ये होतीस ना तेव्हाचं."

सहा वर्षांची असताना माझ्या कमरेचं हाड किडलं. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात मला कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये घालून ठेवलं. मावशी तिथे जवळच राहायची, तिच्या जिवावर मला तिथे सोडलं. दीड वर्ष. आई-बाबा महिन्यातून एका रविवारी येत. लहान मुलांना आत सोडत नसत, म्हणून दादा नाहीच. त्या दीड वर्षात मी छताला बघत पडले होते आणि इथे गेम चालला होता. ते दुःख मी चाळीस वर्षं जपून ठेवलंय, उगाच कशाला खोटं बोलू.

"तू गेलीस त्याच आठवड्यात तो गेम आला," दादा सांगत होता. "मी म्हटलं, बारकी नाही तर खेळायचं कसं? रडलोच मी. तेव्हा बाबा म्हणाले, तिचा डाव आपण राखून ठेवू. आईने तुझी बसायची उशी आणून मधे ठेवली. बाबांचा डाव, मग माझा, मग तुझा. तुझा डाव आला की रिमोट उशीवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. छत्रीवाला नुसता उभा राहिला की अर्ध्या मिनिटात कावळा येऊन त्याला पाडतो. तो पडला की तुझा डाव संपला. मग परत बाबा."

मला एकदम भरून आलं. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. चाळीस वर्षं मी या माणसांवर मनातल्या मनात दात ओठ खात होते आणि हे रोज संध्याकाळी माझा डाव राखून ठेवत होते. मी म्हटलं, "दादा, हे मला एवढ्या वर्षांत एकानेही सांगू नये?"

"आईने नको म्हटलं होतं. ती गेल्यावर मग विषयच निघाला नाही."

"का?"

"काय माहीत." त्याने पेपर खाली ठेवला. "पण तू खेळायचीस मात्र मस्त."

बोलून झाल्यावर त्याने पेपर परत उचलला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, लहान होतो मी. आठ वर्षांचा. आठ वर्षांच्या मुलाला काय आठवतं? जा, बाबा एकटे आहेत खाली."

३

तेव्हाच्या खेळाचे आकडे टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून लिहिलेले होते. दादाने तेवढं सांगितलं, पण खाली यायला तयार झाला नाही. बाबा जेवून झोपले तेव्हा मी दुकानातली छोटी बॅटरी पर्समधून काढली आणि कपाटासमोर जमिनीवर बसले.

तीन रकाने होते, कडेला तारीख आणि वार. बाबा, दादा, बारकी. पेन्सिलीने लिहिलेले, बाबांच्या त्या सरळ, टोकदार अक्षरात. कामावर लिफ्टचं रोजचं रीडिंग ते असंच लिहीत. एकदा साहेबाने आकडा थोडा बदलून लिहायला सांगितला तर बाबांनी वही त्याच्याच हातात दिली आणि म्हणाले, तुम्ही लिहा, मी दिसतं तेच लिहितो. घरातसुद्धा तसंच. दादा सांगत होता, आई सारखी म्हणायची, "तिला दहा तरी लिहा, कसं दिसतं ते," आणि बाबा म्हणायचे, "पडली म्हणजे पडली."

माझ्या रकान्यात शून्य होतं. खाली शून्य. एक अख्खा महिना शून्यं, गोल, नीट काढलेली. ती बघून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. माझी शून्यं होती ती, त्यांनी माझ्यासाठी थांबून मिळवलेली.

मग एका बुधवारी, वीस.

पुढे दोन शून्यं आणि मग साठ. मग एकशे दहा. मी बॅटरी जवळ नेली. एकशे दहा लिहिताना पेन्सिल जोरात दाबली गेली होती, बाकी कुठेच तशी दाबलेली नव्हती. पुढच्या महिन्यात चारशे. त्याच्या पुढच्या महिन्यात बारकी दादाच्या पुढे गेली होती. थंडी सरता सरता ती बाबांच्याही पुढे गेली. मी त्या दिवशी कुठे होते ते मला पक्कं माहीत आहे. माझं पहिलं प्लास्टर कापून दुसरं घातलं होतं आणि मी खाजेने रडत होते.

मी स्वतःला समजावलं. दादाने दाबली असतील बटणं, दुसरं कोण? पण दादाला मी ओळखते. हा माणूस लहान पोरांशी पत्ते खेळतानाही हरत नाही. तो स्वतःच्या हाताने मला पुढे जाऊ देईल आणि स्वतः तिसरा राहील? आईने दाबली म्हणावं तर तिला रिमोट उलटा की सुलटा ते कळत नसे.

खरं सांगू का, त्या वेळी मला भीती वाटलीच नाही. मला राग आला. मी तिकडे छत बघत होते आणि इथे माझ्या नावावर कुणीतरी मजा मारत होतं.

खाली शेवटच्या काही ओळी होत्या. मी घरी आले त्यानंतरच्या. शून्य, शून्य, पन्नास, शून्य. मग पुढे काही लिहिलेलंच नव्हतं.

४

ती शून्यं मला आठवत होती, कारण ती खरोखरच माझी होती.

मी कुबडी घेऊन घरी आले त्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. मी भलतीच खूश. उशी दिसली म्हणून मी तिच्याकडे गेले तर आईने माझा दंड धरला. "तिथे नको, इकडे बस," म्हणाली. मला वाटलं, माझ्या कमरेसाठी म्हणत असेल. तिने मला खुर्चीवर बसवलं. बाबांनी माझ्या हातात रिमोट दिला. मी कोणतं बटण कशाचं ते विचारलं, तेव्हा बाबा आणि दादा एकमेकांकडे बघायला लागले.

मी पडले. परत डाव आला, परत पडले. बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला हळू आवाजात सांगत राहिले, आता छत्री उघड, आता मिट. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुझा हात अगदीच गेला गं बारके."

"हात कुठे गेला? हा काय," मी हात दाखवला. कुणी हसलं नाही.

"अशी खेळायची का ती," बाबा आईला म्हणाले. हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं. आई उठली, उशी उचलली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी गेम माळ्यावर. दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. शेवटी बोलला तेव्हा एवढंच, "तू आलीस आणि सगळं बंद झालं."

मला तेव्हापासून वाटत आलंय की आजारपणाआधीची मी बाबांना जास्त आवडत होते. माहेरी आले की ते माझ्याकडे बघायचे आणि मधेच कुठेतरी हरवायचे, जणू मी आणायची काहीतरी वस्तू विसरून आले होते. मी शाळेत पहिली आले, दुकान काढलं, त्यांचे मोतीबिंदू स्वतः उभं राहून काढून घेतले. पण त्यांची ती नजर काही गेली नाही. आता मला कळलं की ते कुणाशी माझी तुलना करत होते. सवत परवडली, तिचं निदान तोंड तरी दिसतं.

५

पुढच्या गुरुवारी मी नखं कापली नाहीत. सरळ म्हटलं, "बाबा, आज आपण दोघं खेळू."

"खेळू की." ते खूश झाले. उशी त्यांच्या डाव्या बाजूला होतीच. मी ती उचलून खुर्चीवर ठेवली आणि तिच्या जागी स्वतः बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. झटक्यानंतर बाबांना डावीकडचं दिसत नाही. डोळे शाबूत आहेत, पण डावीकडचं जग त्यांच्या मेंदूपर्यंत पोचत नाही. तपासणी मीच केली होती, तीन वेळा, कारण पहिल्या दोन वेळांवर माझा विश्वास बसेना. ताटातलं उजवीकडचं जेवतात आणि डावीकडचं तसंच ठेवतात, मग ताट फिरवून द्यावं लागतं. डावीकडून कुणी बोललं तर उजवीकडे शोधतात. व्यायामवाली मुलगी तीन महिने त्यांच्या मागे लागली होती, आजोबा, मान डावीकडे वळवा. त्यांनी एकदाही वळवली नाही.

म्हणजे मी त्यांच्या डावीकडे बसले तेव्हा त्यांच्यापुरती मी उठून गेलेच होते. ते खेळले, पडले, आणि रिमोट पुढे करून थांबले. मी घेतला. माझा छत्रीवाला दुसऱ्याच गच्चीवरून कोसळला. बाबा "हं" म्हणाले. दोन-तीन डाव असे झाले. मग ते खोलीभर काहीतरी शोधायला लागले.

"काय हवंय?"

"बारकी कुठे गेली?"

"मीच खेळतेय ना, बाबा."

"तुम्ही छान खेळता हो," ते म्हणाले, उजवीकडे, रिकाम्या जागेकडे बघून. "पण तिचा डाव राहतोय."

तुम्ही म्हणाले ते मला. मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले. जाताना उशी परत त्यांच्या शेजारी आदळली.

स्वयंपाकघरात मी गॅस पेटवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेरून बटणांचा आवाज येत होता. टक, टक. बाबांच्या आजारी अंगठ्याचा, थांबत थांबत. मग तो थांबला. मी आधण ठेवलं. मनात अर्धं मिनिट मोजलं, कावळ्याचा कर्कश आवाज यायची वाट बघत. कावळा आला नाही. बटणं वाजायला लागली. भराभर, टकटकटकटक, मधे श्वास घ्यायलाही न थांबता.

आणि बाबा हसत होते. पोटातून, खळखळून. मी त्यांची मुलगी आहे, मी जन्मात त्यांचं असं हसू ऐकलेलं नाही. "हळू गं, हळू, छत्री उघड," असं ते म्हणत होते आणि वर म्हणत होते, "शाब्बास."

मी स्वतःशी म्हटलं, असे जुने गेम नुसते ठेवले की आपोआप खेळून दाखवतात, नमुना म्हणून. दुकानात बघितलंय मी. बटणांचा आवाज टीव्हीतून येत असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. मी कप घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते. रिमोट उशीवर होता. पडद्यावर छत्रीवाला सातव्या गच्चीवरून आठव्या गच्चीवर अलगद उतरत होता आणि वरच्या कोपऱ्यात आकडा वाढत होता. नमुन्याच्या खेळात आकडा वाढत नाही.

पण मी पडद्याकडे फारसं बघितलंच नाही. मी बाबांकडे बघत होते. त्यांची मान डावीकडे वळली होती, पूर्ण. डोळे खाली उशीकडे, मग थोडे वर, मग परत पडद्याकडे. शेजारी बसलेल्या लहान मुलाचा चेहरा आणि त्याचे हात आपण आळीपाळीने बघतो तसे. माणसाची नजर कुठे टेकते ते ओळखण्यावर माझं पोट आहे. ती हवेत फिरणारी नजर नव्हती. त्या बाजूला मी बसले तर त्यांना दिसत नव्हते, आणि ती दिसत होती.

६

उशी मी घरी नेली. बाबा झोपले असताना उचलली, गाडीच्या डिकीत टाकली आणि नेली. चोरी म्हणा हवं तर. घरी माळ्यावर रिकाम्या खोक्यांच्या मागे कोंबली. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हटलं, धुवायला आणलीय.

मला फार बरं वाटलं. दोन दिवस दुकानात मी गिऱ्हाइकांशी इतकी गोड बोलत होते की माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलं, मॅडम, काही आनंदाची बातमी आहे का?

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "उशी तू नेलीस?"

"मळकी झाली होती."

"बाबा जेवत नाहीयेत. परवापासून. पाणीसुद्धा चमच्याने घालतोय. डाव्या हाताने सोफा चाचपत बसतात नुसते. डॉक्टर म्हणतात उद्यापर्यंत बघू, नाहीतर सलाइन." तो थांबला. "आणून दे ती."

"मी येते ना. मी बसते त्यांच्याजवळ. पाहिजे तर चार दिवस राहते."

"बारके."

"मी त्यांची मुलगी आहे, दादा. ती कोण आहे?"

 फोनमधून वहिनीने लावलेल्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला तिचा इतका राग यायचा, तुला सांगतो. सारखी जिंकायची. बाबा तिच्याकडेच बघत बसायचे. मला वाटायचं तूच ती, म्हणून तू घरी आल्यावरही मी तुझ्यावरच राग काढला. मग कळलं की तुला काही येतच नाही."

चाळीस वर्षं मी दादावर जळत होते. तो बिचारा एका उशीवर जळत होता.

"मग तू तो गेम परत काढलास कशाला?" मी विचारलं.

"बाबांना बरं वाटावं म्हणून," दादा म्हणाला. "आणि वाटलं बरं. तू आलीस की ते जेवतात, गोळ्या घेतात, सगळं ऐकतात तुझं. पण वाट बघतात ती तिची. आता काय करतेस बोल. त्यांना घालवायचंय का?"

७

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दुकान त्या मुलीवर सोपवून मी निघाले. डिकीत खोकी भरलेली होती म्हणून उशी पुढच्या सीटवर ठेवली. गाडी चालू केली आणि बेल्टची पिपाणी वाजायला लागली. माझा बेल्ट लावलेला होता. मी उशी उचलली, पिपाणी थांबली. ठेवली, वाजायला लागली. पिशवीभर सामानालासुद्धा ती कधी वाजत नाही. सेन्सर खराब झाला असेल, मी म्हटलं. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवालीने माझ्याकडे आणि मग त्या सीटकडे बघितलं आणि हसून बोटं हलवली. लहान मुलांना करतात तसं. मी काच वर केली, हात लांब केला आणि तिकडचा बेल्ट लावून टाकला. पुढे पूर्ण रस्ताभर पिपाणी वाजली नाही.

बाबा सोफ्यावर होते. तीन दिवसांत अर्धे झाले होते. मी उशी त्यांच्या डावीकडे ठेवली आणि मागे सरकले. त्यांची मान हळूहळू वळली.

"कुठे होतीस?" ते म्हणाले. एवढ्या मायेने या घरात मला कधी कुणी विचारलं नाही.

मी भरवलं ते सगळं जेवले. ताट फिरवावं लागलं नाही. मग बोटाने टीव्ही दाखवला. मी गेम लावून दिला, रिमोट त्यांच्या हातात दिला आणि समोर उजव्या बाजूला स्टुलावर बसले, जिथे त्यांना मी दिसेन. भर दुपार होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, वर वहिनी कपडे वाळत घालत होती, त्याचं पाणी खिडकीवर टपटपत होतं.

बाबा तिसऱ्या गच्चीवर पडले. रिमोट उशीवर गेला. दोन डावांच्या मधे पडदा क्षणभर काळा होतो. त्या काळ्या काचेत खिडकी दिसली, सोफा दिसला, बाबा दिसले. त्यांच्या शेजारी कुणीतरी पाठ ताठ करून बसलं होतं. फ्रॉक, दोन्ही गुडघे बाहेर काढून घातलेली मांडी. मला सहाव्या वर्षापासून मांडी घालता येत नाही. चेहऱ्यापर्यंत माझी नजर पोचायच्या आत गच्च्या उजळल्या आणि खेळ सुरू झाला.

मी सोफ्याकडे बघितलं नाही. मला त्या चेहऱ्याची भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त मला तो रिमोट हवा होता. वय विसरून, लाज सोडून मी म्हटलं, "बाबा, मला द्या ना एक डाव."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे काही मागितलं होतं.

"देतो ना," बाबा म्हणाले. "हिचा झाला की."

मी थांबले. बटणं वाजत होती. पाचवी गच्ची झाली, नववी झाली, दादाची ती बारावी कधीच मागे पडली. पुढच्या गच्च्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. एक वाजला, दोन वाजले. पर्समध्ये फोन दोनदा वाजून थांबला, दुकानातून असेल, किंवा घरून. उठले आणि तेवढ्यात ती पडली तर माझी वेळ जाईल, म्हणून मी उठले नाही. माझी कंबर दगड झाली होती. तीन वाजले. ती चुकतच नव्हती.

"पड," मी म्हटलं. आधी मनात, मग ओठांत, आणि मग चांगलं मोठ्याने. "पड ना गं. पड की एकदा."

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते डावीकडे वाकले, रिकाम्या हवेवर अलगद हात ठेवला, कुणाच्या तरी केसांवर ठेवावा तसा, आणि हळूच म्हणाले, "तू खेळ. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस."

मी गप्प बसले. अजून आरडाओरडा केला तर मला डाव देणार नाहीत असं वाटलं.